अमेरिकन फील्ड जॅकेट, एम-४१ ते एम-६५: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम-६५ मधला ६५ म्हणजे नेमकं काय?

एम-६५ हे अमेरिकन सैनिकांनी युद्धभूमीवर घालायचं जॅकेट, म्हणजे फील्ड जॅकेट. एम म्हणजे मॉडेल आणि आकडा म्हणजे ज्या वर्षी सैन्याने तो नमुना अधिकृत केला ते वर्ष. तुमच्या हातातला नग त्या वर्षी शिवला असेलच असं नाही. एम-६५ पुढे कित्येक दशकं शिवली जात होती, त्यामुळे १९८५ मध्ये शिवलेलं जॅकेटही एम-६५ च. एम-४१ हे नाव मात्र संग्राहकांनी पाडलेलं आहे, सैन्याच्या कागदोपत्री ते साधं 'फील्ड जॅकेट' होतं. शोधताना आणखी एक लक्षात ठेवा: एम-६५ च्या लेबलवर 'जॅकेट' हा शब्द सापडत नाही, तिथे 'कोट' असं छापलेलं असतं.

एम-४१, एम-४३, एम-५१ आणि एम-६५ यांत फरक काय?

प्रत्येक नमुना आधीच्याच्या तक्रारींतून निघालेला आहे, म्हणून ते ओळीने पाहावेत.

एम-४१ हे साध्या नागरी विंडचीटरवरून घेतलेलं. बाहेरून सुती पॉपलिन, आतून लोकरी फ्लॅनेलचं अस्तर, पुढे चेन आणि तिच्यावर बटणांची पट्टी, खाली दोन तिरके खिसे. दिसायला नीटस, पण युद्धात कुचकामी ठरलं. रंग इतका फिका की दुरून दिसायचा आणि दोन दिवसांत मळायचा. आखूड असल्याने कंबर उघडी पडायची. लोकरीचं अस्तर शिवूनच टाकलेलं, त्यामुळे उन्हात काढता येत नाही आणि कडाक्याच्या थंडीत पुरत नाही.

एम-४३ मध्ये विचारच बदलला. जॅकेटने ऊब द्यायची नाही, फक्त वारा अडवायचा. ऊब हवी तर आत स्वेटर घाला, केसाळ अस्तराचं वेगळं जॅकेट घाला, थर वाढवा किंवा कमी करा. त्यासाठी जॅकेट सैल आणि मांडीपर्यंत लांब केलं, चार मोठे खिसे दिले, कमरेला आतून दोरी घातली, बटणं पट्टीखाली लपवली आणि टोपी वेगळी, बटणांनी लावायची केली. १९४४ च्या सुरुवातीला इटलीत अँझिओ इथे तिसऱ्या इन्फन्ट्री डिव्हिजनने हा संच वापरून पाहिला. आजचं जवळपास प्रत्येक फील्ड जॅकेट याचंच वंशज आहे. आमच्या मते चौघांत खरी कल्पक रचना हीच, एम-६५ जास्त प्रसिद्ध असलं तरी.

एम-५१ ने पुढची चेन परत आणली, तिच्या पट्टीवर आणि खिशांवर टिचबटणं बसवली, आणि आतलं लोकरी अस्तर काजांना अडकवून काढता-घालता येईल असं दिलं. कॉलर अजून कोटासारखी, पडणारी.

एम-६५ मध्ये कॉलर उभी झाली, तिच्या पोटात चेनबंद टोपी आली, मनगटाला आणि गळ्याला वेल्क्रो आलं, आणि कापड सुतीऐवजी नायलॉन-सुती मिश्रणाचं झालं.

कापड कोणतं असतं? डेनिमसारखं का वाटत नाही?

एम-४३ पासून पुढे सॅटीन विणीचं कापड आहे. डेनिम किंवा ड्रिलमध्ये तिरपी रेघ दिसते. सॅटीनमध्ये एक धागा चार धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, त्यामुळे सुलट बाजू गुळगुळीत होते आणि धागे एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. वारा अडतो तो या दाटीमुळे. एम-४३ चं कापड चौरस यार्डाला ९ औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०५ ग्रॅम.

शुद्ध सुती धागा भिजला की फुगतो, वीण आणखी घट्ट होते, पण वाळायला दिवस लागतो. नायलॉन मिसळल्यावर वाळणं सोपं झालं आणि कोपर-खिशांची झीज कमी झाली. एम-६५ वर पाणी झटकणारा क्वार्पेल नावाचा लेपही असे. जुन्या नगावर तो धुऊन धुऊन गेलेला असतो, तेव्हा 'वॉटरप्रूफ' म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका. नवीन असतानाही ते रिमझिम झेलण्यापुरतंच होतं.

रंगाला खाकी म्हणायचं का?

नाही. खाकी म्हणजे धुळीचा रंग. हा शब्द फारसी-उर्दूतून आला आणि इंग्रजी सैन्यात तो आपल्या उपखंडातूनच शिरला. एम-४३ पासूनच्या फील्ड जॅकेटचे मुख्य रंग दोन: दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातला 'ऑलिव्ह ड्रॅब ७' आणि १९५० च्या दशकापासूनचा 'ऑलिव्ह ग्रीन १०७', म्हणजेच ओजी-१०७. पहिल्यात तपकिरी छटा, दुसऱ्यात हिरवी-करडी. खात्री करायची तर खिशाचं झाकण उचलून आतलं कापड पाहा. खांदे आणि बाह्या उन्हाने उडतात, झाकणाखालचा रंग बराचसा मूळचा राहतो. छापील वुडलँड कॅमोफ्लाजमधली एम-६५ जॅकेटं १९८० च्या दशकात सुरू झाली.

लेबलवरून वर्ष कसं काढायचं?

लेबल सहसा कॉलरखाली, मानेच्या आतल्या बाजूला असतं, कधी खिशातही दुसरं सापडतं. त्यावर कंत्राट क्रमांक शोधा. तो 'डीएसए १००-६९-सी-' असा सुरू होत असेल तर मधला ६९ म्हणजे १९६९ चं आर्थिक वर्ष. अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष तेव्हा १ जुलैला सुरू होई (१९७६ नंतर ते १ ऑक्टोबर झालं), म्हणून ६९ चं कंत्राट १९६८ च्या उत्तरार्धातलंही असू शकतं आणि कापड प्रत्यक्ष शिवलं जाईपर्यंत आणखी काही महिने गेलेले असतात.

डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. १९७७ मध्ये तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं, म्हणून त्यानंतरचे क्रमांक 'डीएलए १००' ने सुरू होतात. एवढी तीन अक्षरं पाहूनही विक्रेत्याचं 'व्हिएतनाम युद्धातलं आहे' हे वाक्य तपासता येतं. ते युद्ध १९७५ ला संपलं. डीएलए छापलेलं जॅकेट तिथे असूच शकत नाही.

दुसरी खूण साठा क्रमांकाची. ८४१५ ने सुरू होणारा ११ आकडी क्रमांक जुना. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो १३ आकडी झाला, कारण ८४१५ नंतर अमेरिकेचा देशक्रमांक ०० घातला गेला. ८४१५ हा कपड्यांच्या एका वर्गाचा क्रमांक आहे, वर्षाशी त्याचा संबंध नाही. लोक त्यातच वर्ष शोधत बसतात.

शिवणाऱ्या कंपनीचं नाव बहुधा कंत्राट क्रमांकाजवळ असतं: अल्फा इंडस्ट्रीज, सो-स्यू स्टाइल्स, जॉन ओनबी, गोल्डन मॅन्युफॅक्चरिंग, विनफिल्ड अशी. नमुना सरकारचा एकच, त्यामुळे कंपनीवरून किंमत फार बदलावी असं काही नसतं.

लेबल पुसलं गेलं असेल तर?

खांदापट्टी आणि चेन पाहा. एम-६५ च्या अगदी पहिल्या नगांना खांदापट्टी नव्हती, चेन अॅल्युमिनियमची होती. मग खांदापट्टी आली, चेन तीच राहिली. १९७० च्या दशकात पितळी चेन आली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जाड प्लॅस्टिकची. फक्त चेनवरून निकाल देऊ नका, ती बदललेली असू शकते. चेनच्या पट्टीलगत सुईची रिकामी भोकं दिसतात का, आणि तिथला दोरा बाकीच्या शिवणीशी जुळतो का, हे उजेडासमोर धरून बघा.

माझं माप कोणतं?

लेबलवर दोन शब्द असतात: पहिला छातीचा, दुसरा उंचीचा. मीडियम म्हणजे छाती ३७ ते ४१ इंच, स्मॉल ३३ ते ३७, लार्ज ४१ ते ४५. रेग्युलर म्हणजे उंची ६७ ते ७१ इंच (साधारण १७० ते १८० सेंमी), त्याच्या खाली शॉर्ट, वर लाँग. ही मापं अंगाची आहेत, कपड्याची नाहीत. आत स्वेटर आणि अस्तर बसावं म्हणून मीडियम जॅकेट एका काखेपासून दुसरीपर्यंत २३-२४ इंच भरतं.

आपल्याकडे आत सहसा फक्त शर्ट असतो, तेव्हा छातीचं माप एक पायरी खाली घेतलं तरी चालतं. उंचीत मात्र तडजोड करू नका. लाँग जॅकेट बुटक्या माणसाने घातलं की कमरेची दोरी नितंबांवर येते आणि मग ते ओव्हरकोटासारखं लोंबतं. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून काखेतलं माप, पाठीची लांबी आणि बाहीची लांबी मागवा. धुऊन आटलेल्या सुती एम-५१ चं लेबल काहीही म्हणत असलं तरी टेप खरं सांगते.

एम-६५ च्या बाहीच्या टोकाला आत त्रिकोणी तुकडा असतो, तो कशासाठी?

हाताच्या पाठीवर ओढून घ्यायचा असतो. बाहीच्या आत दुमडून ठेवलेला असतो, वेल्क्रो सोडून बाहेर काढला की बोटांच्या मुळांपर्यंत येतो आणि हातमोजा व बाही यांमधून वारा शिरत नाही. अनेक वर्षं जॅकेट वापरणाऱ्यांनाही तो माहीत नसतो, म्हणून जुन्या नगात हा तुकडा बाकी कापडाहून गडद, कोरा सापडतो. नक्कल करणारे खर्च वाचवायला पहिल्यांदा हाच गाळतात.

पाठीवर खांद्यांमागे उभ्या चुण्या का आहेत?

हात पुढे केले की पाठ रुंद होते. घट्ट विणीचं कापड ताणत नाही, म्हणून एकतर शिवण उसवते किंवा जॅकेट वर सरकून कंबर उघडी पडते. चुणी उघडते आणि ती जागा देते. ४ सेंमी खोल चुणीत ८ सेंमी कापड दडलेलं असतं, दोन्हीकडचं मिळून १६ सेंमी. जॅकेट घालून मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवा, लगेच कळेल.

इथलं दुखणं म्हणजे चुणीचं वरचं टोक. सगळा ताण तिथे येतो आणि कापड शिवणीलगत फाटतं. आतून ३ सेंमीचा कापडी तुकडा ठेवून आडवी घट्ट शिलाई मारली की पुरतं. चुणीच शिवून बंद करू नका, काही शिंपी तसं सुचवतात.

कॉलरमधली टोपी उपयोगाची आहे का?

वाऱ्यापुरती. ती एकपदरी आहे, ऊब देत नाही. कडाक्याच्या थंडीसाठी फर लावलेली वेगळी टोपी बटणांनी बसवायची असे. कॉलरमधली टोपी ओली असताना आत कोंबून चेन लावली तर बुरशी ठरलेली.

कमरेच्या आणि खालच्या दोऱ्या काढून टाकल्या तर?

चालेल, पण मग बाहेरची गार हवा आत आणि आतली गरम बाहेर होत राहते. कमरेची दोरी ओढल्यावर जॅकेटाला आकारही येतो. जुनी दोरी ओढताना तुटली तर नवीला सेफ्टी पिन लावून बोगद्यातून सरकवा. गाठ मात्र मोठी ठेवा, नाहीतर धुताना दोरी आत पळते.

आतलं काढता येणारं अस्तर सगळ्यांना एकच बसतं का?

नाही. एम-५१ चं लोकरी, एम-६५ चं नायलॉनच्या दोन पदरांत पॉलिस्टरचा कापूस भरून नागमोडी शिवलेलं. एम-६५ च्या अस्तराला बाह्या असतात, पण काखेत ते उघडं असतं, म्हणजे तिथे जाडी होत नाही आणि घामाला वाट मिळते. अस्तराची काजं जॅकेटाच्या आतल्या बटणांत अडकतात. घालताना आधी मानेमागचं मधलं बटण लावा, मग दोन्ही बाजूंनी खाली या, मनगटं शेवटी. एका टोकापासून सुरुवात केली की हमखास एक काज उरतं.

चेन मध्येच उघडते. बदलायची का?

आधी रनर तपासा. दाते सरळ असूनही रनर गेल्यावर मागे ती उघडत असेल तर रनरचे ओठ पसरले आहेत. रनर खालच्या टोकाजवळ आणा, छोट्या पकडीने मागची डावी कड अगदी हलकी दाबा, मग उजवी तेवढीच. चालवून बघा. एकदम जोर लावाल तर रनर मोडेल, आणि त्याच मापाचा जुना रनर मिळणं कर्मकठीण. चेन जड चालत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा. तेल नको, ते कापडाच्या पट्टीत शोषलं जातं आणि डाग बाहेर येतो.

खरा कमकुवत भाग खाली असतो, जिथे पिन पेटीत शिरते. तिथली कापडी पट्टी रोज वाकून कुजते. पट्टीचे फक्त धागे निघाले असतील तर दोन्ही बाजूंनी पातळ कापड लावून बारीक टाके घाला. पिनच सुटली असेल तर चेन बदलणं आलं. जुनी चेन उसवताना दोरा ओढू नका, टाके एकेक कापा. नवी चेन जुन्याच भोकांच्या ओळीवर शिवा. काढलेली चेन पिशवीत घालून जॅकेटासोबत ठेवा, पुढच्या खरेदीदाराला तिचं मोल असतं.

टिचबटणं उपटून येतात.

बटण सहसा दोषी नसतं, आजूबाजूचं कापड विरलेलं असतं. खिसा उघडताना झाकण धरून हिसका देण्याची सवय त्याला कारण. झाकणाखाली अंगठा घालून बटणाच्या अगदी शेजारून उचला. पुन्हा बसवताना आत दुहेरी कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवूनच ठोका.

धुवायचं कसं?

अस्तर काढा, चेन लावा, वेल्क्रो बंद करा. वेल्क्रो उघडं राहिलं तर त्याची आकड्यांची बाजू मशीनमध्ये सॅटीनचे धागे ओढते, आणि ते पुन्हा बसत नाहीत. थंड पाणी, सौम्य साबण, उलटं करून. ब्लीच अजिबात नको. पहिल्या पाण्याला रंग थोडा जातोच. गरम पाणी टाळण्याचं कारण वेगळंच आहे: बाहेरचं कापड आणि आत शिवलेलं अस्तर सारखं आटत नाही, आणि मग घेराला व चेनलगत कायमच्या सुरकुत्या पडतात. सावलीत वाळवा. एम-५१ चं लोकरी अस्तर ड्रायक्लीनला द्या.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कसं ठेवायचं?

मळलेलं कधीच ठेवू नका, बुरशीला घाम आणि मळ हवा असतो. कॉलरची आतली बाजू आणि मनगटं आधी धुवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, तारेच्या हँगरने खांदापट्टीजवळ फुगा येतो. दर पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की दोन तास वाऱ्यावर. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या दात्यांवर पांढरी पूड येते आणि पितळेवर हिरवट. कोरड्या टूथब्रशने ती झाडून मेण लावा.

लोकरीत कसर लागली असेल तर अस्तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं.

असं जॅकेट स्वतः शिवायचं असेल तर?

शर्ट आणि पँट नीट शिवता येत असतील तर जमेल, पण आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. ४० इंच छातीसाठी ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड घ्या, २८० ते ३२० जीएसएमचं (चौरस मीटरला ग्रॅम) सुती सॅटीन किंवा घट्ट ड्रिल. अस्तराला दोन मीटर पॉपलिन, टिचबटणांचे दहा-बारा जोड, उघडी होणारी जाड धातूची चेन, आणि दीड-दीड मीटरच्या दोन दोऱ्या. कापायच्या आधी कापड आणि अस्तर दोन्ही धुऊन आटवून घ्या. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिस्टर, इंचाला ८-९ टाके. छातीला अंगापेक्षा सात-आठ इंच घेर जास्त हवा, कमी ठेवलात तर थर घालण्याचा हेतूच संपतो.

जे सपाट असताना शिवता येतं ते आधी. म्हणजे खिसे. वरचे खिसे बाहेरून शिवलेले, खालचे आत लोंबणारे, फक्त झाकण बाहेर दिसतं. खालच्या खिशासाठी पुढच्या भागाला चीर द्यावी लागते, तिची टोकं त्रिकोणात कापा पण शेवटच्या टाक्याच्या एक धागा अलीकडे थांबा. पुढे गेलात तर भोक, मागे राहिलात तर कोपरा सुरकुततो. मग पाठीच्या चुण्या, मग खांदे, आणि खांद्याच्या शिवणीच्या बाहेरच्या टोकाला खांदापट्टी अडकवायला विसरू नका, कारण मुंढ्यात बाही बसल्यावर ती घालायला जागा उरत नाही. मुख्य शिवणी दुमडून दुहेरी शिवायच्या, म्हणून माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) एकीकडे दीड सेंमी आणि दुसरीकडे एक सेंमी ठेवा. कमरेच्या दोरीचा बोगदा अस्तर लावण्याआधी.

सगळ्यात त्रास देणारी जागा गळ्याजवळची, जिथे चेन, वरची पट्टी, कॉलर आणि टोपीचा कप्पा एकत्र येतात. सात-आठ पदर होतात आणि घरगुती मशीन टाके सोडतं. पदरांची माया पायऱ्यांसारखी कमी-जास्त कापा, ओलं फडकं ठेवून इस्त्री करा, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने चेपा आणि ते तीन इंच हाताने चाक फिरवून शिवा.

बॉम्बर जॅकेट यातलंच का?

नाही, ती वैमानिकांची. १९३१ चं चामड्याचं ए-२ आणि १९५० च्या दशकातलं नायलॉनचं एमए-१ आखूड आहेत, कारण विमानात बसून काम असतं. लांब घेर पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकतो, म्हणून कमरेला विणलेली लवचीक पट्टी. पुढे एमए-१ ला नारिंगी अस्तर आलं, ते विमान पडल्यावर उलटं घालून शोधपथकाला दिसण्यासाठी.

भारतात असं जॅकेट घालणं बेकायदा आहे का?

भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ लागू होतं ते सैनिक असल्याचं भासवण्याच्या हेतूने गणवेशासारखा वेष केला तर. जुनं अमेरिकन जॅकेट हौस म्हणून घालणं त्यात येत नाही. आपल्या सैन्याच्या सध्याच्या कॅमोफ्लाज छपाईचे कपडे मात्र घेऊ नका आणि लष्करी आवाराजवळ पदचिन्हं लावून फिरू नका.

जुन्या नावपट्ट्या आणि बिल्ले काढावेत का?

काढलेत तरी खाली गडद चौकोन राहतो, कारण बाकीचं कापड उडालेलं असतं आणि तो भाग नाही. त्यावर नवी पट्टी शिवली की तिची कड त्या चौकोनाशी जुळत नाही आणि खोटेपणा लगेच दिसतो. आहेत तशाच राहू द्या, फक्त सैल झालेले टाके त्याच रंगाच्या दोऱ्याने पक्के करा.